सिसिलीची रानभाजी: आधी फक्त रानबडीशेप शिका

लग्नानंतर पहिल्यांदा मार्चमध्ये सासरी गेले, इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मोच्या बाजूला, तर सासूबाई दुपारी चाकू आणि कापडी पिशवी घेऊन निघाल्या, मला म्हणाल्या चल, मला वाटलं फिरायला चाललोय. तीन तास वाकून भाजी खुडली, कंबरेचा पार भुगा. आता दरवर्षी मीच मागे लागते.

आपल्याकडे पहिल्या पावसावर टाकळा-कुर्डू येतो ना, तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून रानभाज्या नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि नंतर सगळं रान वाळून पिवळं. मार्च म्हणजे ऐन सीझन. 19 मार्चला सेंट जोसेफचा सण असतो, तेव्हा सुक्या फावा बीन्सचं दाट सूप करतात, माक्कू म्हणतात त्याला, त्यातही हीच रानबडीशेप.

नावं मात्र इटालियन डिक्शनरीत शोधू नका, प्रत्येक गावाचं वेगळं. बडीशेपेला सासूबाई फिनुक्येड्डु म्हणतात, एटना ज्वालामुखीच्या बाजूला एक रानमोहरीसारखी भाजी मिळते ती कावुलिचेड्डी. गंमत म्हणजे सिसिलियनमधला हा ड्ड जीभ मागे वळवून म्हणायचा, अगदी आपला ड, नवऱ्याच्या मिलानच्या मित्रांना जमत नाही, मला पहिल्या दिवशी जमला आणि सासूबाई एकदम खूश!!

पण नावावर विसंबू नका. सिसिलीत कार्डुनी म्हणजे आर्टिचोकच्या जातीची काटेरी रानटी भाजी. सिसिलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिकडे ती मिळाली नाही, मग त्यांनी बर्डॉक नावाच्या दुसऱ्याच रानटी झाडाच्या कोवळ्या देठांनाच तेच नाव दिलं, उकडून, अंड्यात-ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचे. नाव तेच, झाड वेगळं. आजीची रेसिपी घेऊन रानात जाणार असाल तर आजी कुठल्या देशातली ते आधी विचारा.

आता ओळख. रानबडीशेपेची पानं शेपूसारखी दोऱ्यासारखी बारीक, चुरगळली की बडीशेपेचा वास आलाच पाहिजे. नाही आला तर सोडून द्या, वाद नको. फेरुला म्हणून एक झाड आहे, पानं तशीच झुपकेदार पण बडीशेपेचा वास नाही, ते विषारी, खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरतात. आणि हेमलॉक, तेही विषारी, त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी, देठ गुळगुळीत त्यावर जांभळे ठिपके, वास घाणेरडा. एक मात्र लक्षात ठेवा, चार झाडं चुरगळल्यावर हातालाच बडीशेपेचा वास राहतो आणि मग सगळंच बडीशेप वाटतं, म्हणून मधेमधे हात पुसायचा.

दुसरी भाजी बोराज, निळी चांदणीसारखी फुलं, पानांवर टोचणारी खरखरीत लव. ही मी दोन वर्षं सासूबाईंशिवाय तोडलीच नाही कारण मँड्रेक नावाच्या विषारी झाडाची पानं त्यात मिसळू शकतात. 2022 च्या ऑक्टोबरात नेपल्सजवळ पालकात मँड्रेक येऊन लोक हॉस्पिटलात पोचले होते, आणि तो तर विकत घेतलेला पालक. मँड्रेकला खोड नसतं, पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात आणि ती टोचरी लव नाही. बोराजही रोज खाऊ नका, लिव्हरला चांगली नाही.

तोडताना फक्त वरचे कोवळे शेंडे, मूळ उपटायचं नाही. रस्त्याकडेचं नको, फवारणी केलेल्या द्राक्षमळ्यातलं नको, रिझर्व्हमध्ये बंदी असते तिथे तर अजिबात नको. प्लास्टिक पिशवीत भाजी घामेजते, कापडीच घ्या.

घरी आल्यावर पास्ता कोन ले सार्दे, म्हणजे तारल्यांचा पास्ता. चार जणांना साधारण 250 ग्रॅम बडीशेप मिठाच्या पाण्यात 10-15 मिनिटं उकळा, ते हिरवं पाणी ओतून दिलंत तर सासूबाई माफ करणार नाहीत, पास्ता त्यातच शिजवायचा. ऑलिव्ह ऑइलमध्ये कांदा मऊ करा, दोन खारवलेल्या अँकोव्ही (छोटे मासे) त्यात विरघळवा, मग काटे काढलेल्या अर्धा किलो ताज्या तारल्या, मूठभर काळे बेदाणे, चिलगोजे, भिजवलेलं केशर, शेवटी चिरलेली बडीशेप. मासे आणि बेदाणे एकत्र ऐकून मीही नाक मुरडलं होतं, एकदा खाऊन बघा. 400 ग्रॅम बुकातिनी (आतून पोकळ लांब पास्ता) त्या हिरव्या पाण्यात शिजवून, मिसळून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, आणि वरून तेलात खरपूस भाजलेला ब्रेडचा चुरा. चीज नाही हं, चीज परवडायचं नाही तेव्हा गरीबाघरी हा चुराच, आणि आता परवडत असूनही कोणी चीज घालत नाही.

उरलेली बडीशेप उकडून, पिळून, गोळे करून फ्रीझरमध्ये. आमच्याकडे जुलैपर्यंत पुरते, अर्थात सासूबाईंनी शेजारणीला वाटली नाही तर.