उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचावं: शिक्षण, गुन्हे आणि चारित्र्य पारखून मत द्यायची माझी पद्धत

‘सुशिक्षित उमेदवारालाच मत द्या’ हा मेसेज दर निवडणुकीत आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आणि दर वेळी मला चीड येते. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकाही उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे शिक्षण, गुन्हे आणि मालमत्ता यांची त्याने शपथेवर दिलेली माहिती, उघडलेलं नसतं. मी बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षं काढली. पदवीधर कर्जबुडवे पाहिले आणि अंगठा उठवून हप्ता एक दिवसही न चुकवणारे शेतकरीही पाहिले. माणूस पारखायला कागद लागतो, पण त्यातलं नेमकं काय वाचायचं हे कळावं लागतं. २०१२ च्या महापालिका निवडणुकीपासून मी प्रत्येक वेळी हे काम करते आहे. त्यात दोनदा सपशेल चुकले, म्हणून हे लिहिते आहे.

मतदारयादीत नाव आहे की नाही आणि केंद्र कुठलं, हे तुम्ही पाहून ठेवलं आहे असं धरते.

आधी शपथपत्र हातात घ्या

लोकसभा आणि विधानसभेचे उमेदवार नमुना २६ मध्ये शपथपत्र भरतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ या अ‍ॅपवर मिळतं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन फलक पाहायचा. मतदान केंद्राबाहेर गोषवारा लावलेला असतो, पण रांगेत उभं राहून पाच मिनिटांत माणूस पारखता येत नाही. ‘माय नेता’ या संकेतस्थळावर तीच माहिती सोपी करून दिलेली असते. सुरुवात तिथून करा, पण मूळ स्कॅन केलेली प्रत वाचल्याशिवाय मत बनवू नका.

विधानसभेला माघारीची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान चौदा दिवस मिळतात. एका उमेदवाराला एक तास लागतो. वेळ नव्हता ही सबब मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही. ही माहिती मागायचा हक्क आपल्याला सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्याआधी समोरच्यावर खुनाचा खटला चालू आहे की नाही, हे विचारायची सोयसुद्धा मतदाराला नव्हती.

शिक्षणाचा रकाना

आमदार, खासदार किंवा नगरसेवक व्हायला आपल्याकडे किमान शिक्षणाची अट नाही. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतींसाठी तशी अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. माझा त्या अटीला विरोध आहे. ज्या बाईला शाळेत पाठवलंच गेलं नाही, तिला पुन्हा निवडणुकीतूनही बाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय? वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षणही पूर्ण झालं नव्हतं. तेच मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. नाशिकमधल्या किती इंजिनिअरांच्या पदवीमागे तो निर्णय आहे, याचा जरा विचार करा.

म्हणून शिक्षणाचा रकाना मी गुण द्यायला वाचत नाही, खरंखोटं तपासायला वाचते. पदवीचं नाव, संस्था आणि वर्ष हे तिन्ही असायला हवं. नुसतं ‘पदवीधर’ लिहिलं असेल तर पेन्सिलीने खूण करा. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शोधून शेजारी ठेवा. तेव्हा बारावी आणि आता बी.ए. असेल तर मधल्या वर्षांत पदवी घेतल्याचं वर्ष दिसलं पाहिजे. आपल्या गावात मुक्त विद्यापीठ आहे, पन्नाशीत पदवी घेणारे अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. पण दोन वेगवेगळ्या शपथपत्रांत एकाच पदवीची दोन वर्षं असतील तर त्यातलं एक तरी चुकीचं आहे. फ्लेक्सवर नावापुढे ‘डॉ.’ आणि शपथपत्रात बारावी, हेही मी पाहिलंय. मानद डॉक्टरेट विकणाऱ्यांचा बाजार मोठा आहे. शपथपत्रात जे लिहायची हिंमत होत नाही ते चौकात लावणारा माणूस लोकांना काय समजतो, ते तिथेच कळतं.

मणिपूरमधल्या एका आमदाराने एमबीए नसताना एमबीए लिहिलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवड रद्दच ठरवली. खोटी पदवी ही किरकोळ चूक नाही असं स्पष्ट सांगितलं. मीही तसंच मानते. दहावी नापास खरं लिहिणारा मला चालतो, खोटा पदवीधर चालत नाही.

गुन्ह्यांचा तक्ता: इथे घाई कराल तर फसाल

माझी पहिली चूक २०१२ ची. मी गुन्हे नुसते मोजले. एकावर नऊ होते, दुसऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’. नऊवाल्याला फुली मारली, निरंकला मत दिलं आणि चार घरी तसं सांगूनही आले. नंतर एका वकील मैत्रिणीने तो तक्ता वाचून दाखवला. नऊच्या नऊ गुन्हे पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी केलेल्या आंदोलनांचे होते. निरंकवाल्याने लोकांकडून ठेवी गोळा केल्या होत्या. माझ्याच ओळखीच्या एका विधवा बाईंचे पैसे त्यात अडकले आणि गुन्हा दाखल व्हायला पुढे दोन वर्षं गेली. त्या बाईंकडे मीच मत मागायला गेले होते. ते अजून मनातून जात नाही.

दुसरी चूक २०१७ ची, नेमकी उलटी. एका उमेदवाराने घरी येऊन सांगितलं, ‘ताई, सगळे राजकीय गुन्हे आहेत.’ मागचा अनुभव ताजा होता, मी विश्वास ठेवला. यादीत मधोमध एक कलम ३५४ होतं, विनयभंगाचं. सात आंदोलनांच्या गर्दीत मला ते दिसलंच नाही.

तेव्हापासून मी वहीत प्रत्येक गुन्ह्याची वेगळी ओळ काढते: पोलीस ठाणे, साल, कलम, फिर्यादी कोण, खटला कुठवर आला. हे सगळं तुम्हीही लिहून काढा, डोळ्यांनी नुसतं वाचू नका.

कलमांची भीती बाळगू नका, नेहमी येणारी पंधरा-वीसच असतात. जुन्या भारतीय दंडविधानातलं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, १८८ म्हणजे आदेशाचा भंग, ३४१ म्हणजे अडवणूक आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ म्हणजे जमावबंदी मोडणं. ही चारही एकत्र दिसली की बहुधा मोर्चा किंवा रास्ता रोको. याउलट ४२० फसवणूक, ४०६ आणि ४०९ विश्वासघात, ४६७, ४६८, ४७१ बनावट कागदपत्रं, ३८४ ते ३८७ खंडणी, ३०७ खुनाचा प्रयत्न, ३७६ बलात्कार. यातलं एकही दिसलं तर थांबायचं आणि खोलात जायचं.

आता एक नवा घोटाळा होतो, त्याकडे नीट लक्ष द्या. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. खून ३०२ चा १०३ झाला. खुनाचा प्रयत्न १०९, विनयभंग ७४, फसवणूक ३१८ (४). न्याय संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांसाठी आहे. जुने खटले जुन्याच कलमांनी चालू असल्यामुळे एकाच शपथपत्रात दोन्ही पद्धतीचे आकडे सापडतात. आकड्यापुढे कायद्याचं नाव कुठलं आहे हे पाहिल्याशिवाय ‘हा खुनी आहे’ असं कुणाबद्दल पुढे पाठवू नका.

सगळ्यात अवघड कलम ३५३, सरकारी नोकरावर हल्ला, नव्या संहितेत १३२. पाणी येत नाही म्हणून बायकांना घेऊन अभियंत्याच्या केबिनमध्ये ठिय्या देणाऱ्यावर हे लागतं आणि अतिक्रमण काढायला आलेल्या कारकुनाच्या कानाखाली मारणाऱ्यावरही हेच लागतं. कलमावरून काहीच कळत नाही. तक्त्यातल्या संक्षिप्त वर्णनावरूनही पुरतं कळत नाही, म्हणून फिर्याद वाचायची. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहता येतात, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून. खटल्याची तारीख आणि टप्पा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या अ‍ॅपवर खटला क्रमांक टाकला की दिसतो. माझा फिर्यादीबद्दलचा साधा नियम असा: फिर्यादी पोलीस शिपाई असेल तर बहुधा आंदोलन, फिर्यादी एखादी बाई, भाडेकरू, टपरीवाला किंवा कारकून असेल तर त्या माणसाची बाजू शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग ‘आरोपनिश्चिती झाली आहे का’ हा रकाना. तिथे ‘होय’ असेल तर न्यायाधीशाने कागद पाहून खटला चालवण्याइतकं त्यात आहे असं म्हटलेलं असतं. नुसत्या दाखल गुन्ह्यापेक्षा याला कितीतरी जास्त वजन द्या.

‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. तत्त्व योग्यच आहे, पण ते तुरुंगात टाकण्यासाठी आहे. शंका आली म्हणून कर्ज नामंजूर करायला आम्हाला कधी कोर्टाचा निकाल लागला नाही. बाईवरचा अत्याचार, गरिबाची फसवणूक, बनावट कागदपत्रं, यात आरोपनिश्चिती झालेली असेल तर मी त्या उमेदवाराला मत देत नाही, पक्ष माझा असला तरी.

‘अर्ज मंजूर झाला म्हणजे माणूस स्वच्छ’ हेही साफ चूक. विधानसभा-लोकसभेला साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता येते. नुसत्या चालू खटल्याने येत नाही. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का हे पाहतो, त्यातलं खरंखोटं शोधत बसत नाही. खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो.

लोकसभा-विधानसभेच्या वेळी आणखी एक कागद मिळतो. गुन्हे असलेल्या उमेदवाराला त्यांची जाहिरात तीनदा द्यावी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून याच माणसाला तिकीट का दिलं, हे पक्षाला लेखी जाहीर करावं लागतं. निवडून येण्याची क्षमता एवढंच कारण चालणार नाही असं न्यायालयाने बजावलं आहे. तरी ‘लोकप्रिय, तळागाळात काम’ अशी एकसारखी वाक्यं वेगवेगळ्या नावांपुढे सापडतात. सापडली तर पक्षाबद्दलही वहीत एक ओळ लिहा.

मालमत्ता

मागच्या आणि आताच्या शपथपत्रातला फरक पाहा, उत्पन्नाचा स्रोत पाहा, देणी पाहा. गंगापूर रोडकडची वडिलोपार्जित जमीन महागली म्हणून आकडा फुगला असेल तर तो दोष नाही. पाच वर्षांत तीन नवे भूखंड आणि धंदा ‘समाजसेवा’ असेल तर आहे.

कागदाबाहेर

सोसायटीच्या चेअरमनला विचारू नका, त्याला पेव्हर ब्लॉक मिळालेले असतात. घंटागाडीवरच्या मुलाला विचारा, पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला विचारा, अंगणवाडीताईंना विचारा. प्रश्न एकच ठेवा: हा पदावर नसताना तुमचा फोन उचलायचा का? आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि बराच काळ प्रशासक होता. त्या काळात ड्रेनेज तुंबलं तेव्हा कोण येऊन उभं राहिलं, हे गल्लीतल्या लोकांना नेमकं आठवतं.

आधी नगरसेवक राहिलेल्यांसाठी महासभेतली उपस्थिती आणि विचारलेले प्रश्न माहितीच्या अधिकारात मागता येतात. दहा रुपये लागतात, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आचारसंहिता लागल्यावर अर्ज टाकलात तर उत्तर निकालानंतर येईल, म्हणून सहा महिने आधी टाका.

राखीव जागेवर पत्नी, आई किंवा सून उभी असेल तर एक गोष्ट न विसरता करा. शपथपत्रात पतीची मालमत्ता येते, पतीवरचे गुन्हे येत नाहीत. फ्लेक्सवर पतीचा फोटो मोठा असेल तर त्याचंही जुनं शपथपत्र काढा आणि त्याचं नाव ई-कोर्ट्सवर शोधा. पण तेवढ्यावर तिला नाकारूही नका. नवऱ्याच्या नावावर निवडून येऊन पुढे स्वतः फायली हलवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घरी जा, तिलाच प्रभागातल्या पाण्याच्या वेळा विचारा आणि उत्तर कोण देतं ते बघा.

मतदानाच्या आदल्या रात्री ज्याच्या माणसाने पाकीट आणलं, त्याचं नाव वहीतून खोडा. विधानसभा-लोकसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रारही करा.

चार मतं, चार निर्णय

महापालिकेला २०१७ मध्ये आपल्याकडे ३१ प्रभाग आणि १२२ जागा होत्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मतं. लोक एका उमेदवाराचा विचार करतात आणि उरलेली तीन बटणं त्याच चिन्हावर दाबून येतात. ‘पॅनल टू पॅनल द्या’ असं कार्यकर्ते सांगतात ते नेमकं यासाठीच. चांगल्या एकामागे नको असलेले तीन निवडून येतात. अ, ब, क, ड चारही जागांची वेगळी पानं करा. एखाद्या जागेवर कुणीच पटलं नाही तर त्या जागेपुरतं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबा, पण बटण प्रत्येक जागेचं दाबा, तेव्हाच मतदान पूर्ण होतं. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून चारही क्रमांक पाठ करून जा.

निकाल लागल्यावर शपथपत्रांच्या प्रती फेकू नका, हरलेल्यांच्याही नाही. पुढच्या वेळी शेजारी ठेवायला त्याच लागतात. माझ्याकडे २०१२ पासूनच्या आहेत, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये, प्रभागाप्रमाणे लावलेल्या.