आधी झाड, मग भट्टी: ठाणे-पालघरच्या गावठी दारूचा इतिहास कसा नोंदवावा

डहाणू, तलासरी, विक्रमगड, शहापूर या पट्ट्यातल्या एखाद्या गावात दारूचा इतिहास नोंदवायला गेलात, तर पहिले दोन प्रश्न असे विचारा: मोहाचं झाड कुणाचं होतं आणि दुकान कुणाचं होतं? कोण किती पितं, हे त्यानंतर. व्यसनापासून सुरुवात केली की माणसं गप्प होतात किंवा तुम्हाला आवडेल तेच सांगतात. झाडाबद्दल मात्र सगळे बोलतात, विशेषतः बायका, कारण फुलं वेचण्याचं बरंच काम त्यांच्याच हातून झालेलं असतं.

त्यामुळे काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत वेचणाऱ्यांबरोबर निघा. गावाच्या नकाशावर प्रत्येक मोहाला क्रमांक द्या. त्यापुढे चार रकाने ठेवा: झाडाला गावात नाव असेल तर ते, जमीन कुणाची, फुलं कोण वेचतं, आणि हा वहिवाटीचा हक्क कुणाकडून आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात तफावत दिसली की तिथे थांबून नीट विचारा, गावाचा इतिहास बहुधा तिथेच सापडतो. सातबारा आणि जुने फेरफारही काढून बघा, पण कागदावर नाव नाही म्हणून हक्क नव्हता असं धरू नका. खोडाचा घेर मोजून झाडाचं वय मात्र ठरवू नका, माती आणि पाणी यांनी त्यात फार फरक पडतो.

मापांत सर्वांत जास्त चुका होतात. शेर वजनाचाही असतो आणि मापाचाही. चार शेरांची पायली धरतात, पण किती पायल्यांचा मण हे प्रदेशानुसार बदलतं. म्हणून घरातली जुनी पायली मागा, तिच्यात ताजी फुलं भरून तोला, तीच फुलं कडक वाळवून पुन्हा तोला आणि दोन्ही आकडे लिहा. जुन्या सरकारी अहवालांत दारू गॅलनमध्ये असते. एक गॅलन म्हणजे ४.५५ लिटर. तीव्रता ‘२५ अंडर प्रूफ’ किंवा ‘६० अंडर प्रूफ’ अशी दिलेली असते. ब्रिटिश प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. अंडर म्हणजे त्याहून तितके टक्के कमी. म्हणून २५ अंडर प्रूफ म्हणजे ५७.१ चे तीन-चतुर्थांश, साधारण ४२.८ टक्के, आणि ६० अंडर प्रूफ म्हणजे सुमारे २२.८ टक्के. हे रूपांतर न करता दोन वर्षांच्या खपाची तुलना केली तर निष्कर्ष साफ चुकतो.

कागदपत्रांसाठी १८८२ चं ठाणे गॅझेटियर आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातली महसूल खात्याची दप्तरं हाताशी घ्या. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावचं गाळप दाबलं गेलं आणि मध्यवर्ती भट्ट्या व मक्तेदार आले. उरणच्या मोठ्या भट्ट्या पारशी व्यापाऱ्यांच्या होत्या आणि तिथे मोह बाहेरून येई. दारात मोह असलेल्या माणसाला दारू विकत घ्यायला लावायची, तर दारातला मोह अडवणं आलंच. १८९२ च्या ‘म्हौरा’ (म्हणजे मोह) कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध आणले. विरोधकांचं म्हणणं होतं की ही फुलं गरिबाचं अन्न आहे आणि गुरांचं खाद्य. म्हणून तुमच्या प्रश्नांत ‘मोहाचं काय काय खायचात?’ हा प्रश्न दारूच्या आधी हवा. ‘गुत्ता’ हा शब्दही नोंदवा: मूळ अर्थ ठेका. गुत्तेदार म्हणजे ठेकेदार, आणि दारूच्या दुकानाला तेच नाव चिकटलं.

इथे एक चूक हमखास होते. जव्हार हे स्वतंत्र संस्थान होतं. तिथल्या गावाला ब्रिटिश कायदा सरळ लावू नका. आधी १९४७ पूर्वी गाव कुणाच्या हद्दीत होतं ते ठरवा, मग दप्तर शोधा.

मुलाखतीत लग्नावर वेळ द्या. दारूशिवाय लग्न नव्हतं, आणि लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडे कर्ज. ते फेडायला नवरा-बायकोने राबायचं, असं राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेरीस सरकारसाठी केलेल्या पाहणीत ही वेठ नोंदली आहे. ‘आजोबांच्या लग्नाला दारू किती, कुठून, उधार की रोख?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ हाती लागतं. जन्म, मयत आणि देवाला सोडायची धार यांचं वेगळं टिपण ठेवा, ते पिण्याच्या हिशेबात मिसळू नका.

मग देवीबद्दल विचारा. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्याच्या कोळीवाड्यांतून निघालेली देवी अंगात येत येत डांग आणि सुरतेपर्यंत पोचली. दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असा तिचा हुकूम होता. गांधींचं नाव तिच्या तोंडी नंतर आलं. त्यामुळे ही काँग्रेसची मोहीम होती असं लिहून आदिवासींचा निर्णय त्यांच्याकडून काढून घेऊ नका. डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी सापडणार नाही, म्हणून प्रत्येक आठवणीपुढे ‘कुणाकडून ऐकली’ हे लिहा.

शेवटी सुरक्षितता, आणि हे मनापासून पाळा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे. आज कोण गाळतं हे विचारू नका, कुणी सांगितलंच तर रेकॉर्डर बंद करा. चालू भट्टीचा फोटो नको. मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा, कारण फोटोत जागेची नोंद राहते. वहीत नावांऐवजी क्रमांक वापरा आणि नावांची यादी वेगळ्या घरात ठेवा. लिहून झालं की ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा कायदा) अनुसूचित क्षेत्रात दारूबंदी किंवा नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, त्यामुळे हे टिपण तिथे वापरलं जाऊ शकतं. वाचताना ज्यांनी हरकत घेतली त्यांची हरकत त्याच पानावर, त्यांच्याच शब्दांत उतरवा.