मोठ्या आतड्यासाठी उसळ कशी वाढवायची: सावकाश

‘तूप खा, आतड्याला ब्युटिरेट मिळेल’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन. तुपात ते ब्युटिरिक आम्लाच्या रूपात असतं, पण लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. तिथं ते जिवाणूच तयार करतात, आपल्याला न पचलेले तंतू आंबवून. ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही ती लघु-साखळी मेदाम्लं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली जवळजवळ ७० टक्के ऊर्जा एकट्या ब्युटिरेटमधून घेतात.

एका जेवणात भाताऐवजी शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी घ्या, पिठातला कोंडा चाळून टाकू नका. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात ३ सुद्धा नाहीत.

भात शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, तोही जिवाणूंना चालतो. मात्र भात परातीत पसरून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं जे विष तयार होतं, ते फोडणी देऊनही जात नाही.

आता कडधान्य. मी इथंच फसलो. पहिल्याच दिवशी दुपारी वाटीभर मटकी, रात्री पावट्याची आमटी. चौथ्या दिवशी रंकाळ्याला फिरायला गेलो आणि निम्म्यातनं परत फिरलो. पोट नगाऱ्यासारखं ताठ, लेंग्याची नाडी सैल केली तरी बसवेना. ‘तुला कडधान्य सोसत नाही, बंद कर,’ असं मला सांगितलं गेलं आणि मी वर्षभर उसळीला हात लावला नाही. ते वर्ष वाया गेलं. चूक मटकीची नव्हती, मापाची होती. हे तंतू खाणारे जिवाणू आतड्यात वाढायला आठवडे लागतात. तोवर एकदम ढीग टाकला की वायू धरणारच.

म्हणून पहिला आठवडा रोज दोनच चमचे मुगाची किंवा मटकीची उसळ. दुसऱ्या आठवड्यात चार, तिसऱ्यात अर्धी वाटी. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, मोड आणा आणि दाणा बोटानं चिरडेल इतका मऊ शिजवा. पोट फुगलं तर एक पायरी मागं या, पण उसळ पूर्ण सोडू नका. पाणी वाढवा. पावटा, हरभरा, राजमा महिन्यानंतर. मिसळ खात असाल तर त्यातली मटकी तेवढी हिशेबात धरा. तर्री आणि पाव नाही.

इसबगोल बद्धकोष्ठाला उत्तम, पण जिवाणू तो फारसा आंबवत नाहीत, म्हणून उसळीच्या जागी चालणार नाही.

शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा आतड्याला सूज असल्याचं निदान झालं असेल, तर हे काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा.