इंटरव्ह्यूत रिक्रूटरचे ‘छुपे इशारे’ ओळखायला जाताय? या चुका टाळा

इंटरव्ह्यू देताना निम्मं डोकं उत्तरात आणि निम्मं समोरच्याच्या चेहऱ्यावर असेल तर उत्तराची वाट लागणारच. त्याने पेन खाली ठेवला म्हणजे संपलं, तिने मान हलवली म्हणजे जमलं, घड्याळाकडे बघितलं म्हणजे मी बोअर करतोय... हे हिशोब डोक्यात चालू झाले की बोलता बोलता वाक्य अर्धवट सुटतं आणि मग खरंच समोरच्याचा चेहरा पडतो. इशारे नसतातच असं नाही, असतात, पण बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात.

चेहरा वाचत बसणं

ही सगळ्यात कॉमन चूक. मोठ्या कंपन्यांमध्ये आता बऱ्याचदा स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू असतो, म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, साधारण त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर मार्क. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना ट्रेनिंगमध्ये बऱ्याचदा हेही सांगितलेलं असतं की उत्तर चांगलं वाटलं तरी फार खुलायचं नाही, खराब वाटलं तरी नाक मुरडायचं नाही, नाहीतर एकाला जास्त हिंमत मिळते आणि दुसऱ्याला कमी. म्हणजे तुम्हाला जो दगडी चेहरा दिसतो तो अनेकदा नियम पाळणारा चेहरा असतो. खाली मान घालून टाइप करतायत? त्यांना नंतर मार्कांसोबत कारण लिहायचं असतं, म्हणून तुमचंच वाक्य उतरवून घेतायत. त्यातून ते चांगलं लिहितायत की वाईट हे इकडे बसून कळायचा काही मार्ग नाही.

आणि ते ‘५५ टक्के संवाद बॉडी लँग्वेजने होतो’ वालं वाक्य जिकडेतिकडे फिरत असतं ना, ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७च्या प्रयोगांवरून आलंय. त्या प्रयोगांत एखादा सुटा शब्द, तो बोलण्याचा टोन आणि चेहऱ्याचा फोटो, यांतून समोरच्याला आवड आहे की नावड एवढंच ओळखायचं होतं. हा आकडा सगळ्या बोलण्याला लावू नका असं स्वतः मेहराबियन यांनीच सांगितलेलं आहे. तुम्ही पंधरा मिनिटं प्रोजेक्ट समजावताय, तिथे तो लावून काय मिळणार? अनोळखी माणसाला नुसतं बघून-ऐकून तो खोटं बोलतोय का हे आपण किती बरोबर ओळखतो, यावरचे बरेच अभ्यास २००६मध्ये एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास निघाली. नाणं उडवलं तरी ५० येतात. तेव्हा दहा मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाच्या भुवईवरून तुम्ही जो निष्कर्ष काढताय त्याची किंमत तुम्हीच ठरवा.

व्हिडिओ कॉलवरची शांतता अंगावर घेणं

समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की दुसरा साधारण २०० मिलिसेकंदांत सुरू करतो, पापणी लवायच्या आत म्हणा ना. आपल्याला या वेगाची सवय असते. कॉलवर आवाज पोचायला उशीर झाला की हा ताल तुटतो आणि आपल्याला वाटतं समोरच्याला पटलं नाही. २०१४मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, कॉलमध्ये मुद्दाम उशीर घातला तर लोक दोष लाइनला न देता माणसाला देतात, तो कमी लक्ष देतोय असं त्यांना वाटतं.

मग होतं काय, ती शांतता भरायला आपण चांगल्या उत्तराला शेपूट जोडत जातो, ‘म्हणजे तसं बघायला गेलं तर...’, आणि त्या शेपटात नको ते बोलून जातो. उत्तर संपलं की थांबा. एक श्वास घ्या. अगदीच लांबलं तर ‘अजून डिटेलमध्ये सांगू का?’ एवढंच विचारा, बास. नजर दुसरीकडे वळली तर तिकडे दुसऱ्या स्क्रीनवर बहुतेक तुमचाच रेझ्युमे उघडा असतो, आणि डोळ्याला डोळा भिडत नाही कारण ते कॅमेऱ्याऐवजी तुमच्या चित्राकडे बघतायत, तुम्हीही तेच करताय.

खरा इशारा प्रश्नात असतो, तो ऐकायचा राहून जातो

इथे मात्र लक्ष द्या, कारण यावर तुम्हाला तिथल्या तिथे काहीतरी करता येतं.

तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत आला तर समजा की पहिल्या उत्तरात त्यांना हवं ते मिळालं नाही. बहुतेक लोक तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगतात. त्यापेक्षा सरळ विचारा, ‘तुम्हाला यातली टेक्निकल बाजू हवीय की टीम कशी सांभाळली ते?’ यात कमीपणा काही नाही, उलट त्यांचंही काम सोपं होतं, मार्क द्यायला त्यांना मटेरियल हवंच असतं.

‘यात तुमचा नेमका रोल काय होता?’ हा प्रश्न आला की तुमच्या बोलण्यात ‘आम्ही केलं, आम्ही ठरवलं’ जास्त झालंय. आपल्याकडे ‘मी मी’ करणं बरं दिसत नाही हे मान्य, पण टीमला मार्क देऊन त्यांना उपयोग नाही. ‘चौघं होतो, डेटा साफ करणं आणि क्लायंटशी बोलणं माझ्याकडे होतं, कोडिंग दुसऱ्यांनी केलं’ असं कोणी काय केलं ते वेगळं करून सांगा, फुशारकीही वाटत नाही.

‘थोडक्यात सांगा’ किंवा मध्येच तोडून पुढचा प्रश्न. हे मनाला फार लागतं लोकांच्या. पण त्यांच्याकडे वेळ ठरलेला असतो आणि प्रश्नांची यादी संपवायची असते, बरेचदा या प्रश्नापुरतं त्यांना पुरेसं मिळालेलं असतं म्हणूनच ते तोडतात. पुढच्या उत्तरात निकाल आधी सांगा, गोष्ट नंतर.

आता सगळ्यात फसवा प्रकार. तुम्ही एक निर्णय सांगितला आणि ते म्हणाले, ‘पण मग अमुक पद्धत का नाही वापरली?’ झालं, उमेदवार घाबरतो आणि लगेच ‘हो हो, तीच वापरायला हवी होती’ करून मोकळा. अहो, त्यांना तुमचा विचार किती खोल आहे ते बघायचं असतं! पॅनेलवर बसलं की दिसतं, बरोबर उत्तर देऊन नुसत्या उलट प्रश्नाने मागे फिरणारे किती असतात. तेव्हाची कारणं सांगा, वेळ कमी होता, डेटा थोडा होता, जे असेल ते, आणि त्यांचा मुद्दा खरंच चांगला असेल तर तेही म्हणा, पण कारणासकट.

‘हे काम तुम्हाला कंटाळवाणं नाही ना वाटणार?’ म्हणजे अनुभव जास्त आहे, सहा महिन्यांत सोडून जाल ही भीती. याला ‘नाही नाही, अजिबात नाही’ पुरत नाही, हेच काम का हवंय याचं खरं कारण द्यावं लागतं.

आणि इशारे कंपनीबद्दलही मिळतात बरं का, ते आपण ऐकतच नाही कारण आपण पास व्हायच्या मागे असतो. ‘आमच्याकडे सगळं खूप फास्ट बदलतं’, ‘प्रत्येकजण सगळंच बघतो’ असं दोनतीनदा आलं की विचारून घ्या, ही पोस्ट नवीन आहे की कोणी सोडली म्हणून रिकामी झाली, आणि पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे. यावर गोलगोल उत्तर आलं तर तो इशारा कुठल्याही भुवईपेक्षा पक्का.

रिक्रूटरचा गोडवा म्हणजे ऑफर समजणं

पहिला कॉल करणारा रिक्रूटर आणि ज्याच्या हाताखाली काम करायचंय तो मॅनेजर, यांना एकाच मापाने मोजू नका. ‘तुमचं प्रोफाइल एकदम स्ट्रॉंग आहे’ हे रिक्रूटर पुढे पाठवलेल्या प्रत्येकाला म्हणतो, उमेदवार टिकवून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पहिल्याच कॉलला अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड विचारला तर हुरळू नका, ती फॉर्मचे रकाने भरायची माहिती आहे. शेवटच्या राउंडला मॅनेजरने जॉइनिंगची तारीख काढली, रेफरन्स मागितले, दुसरीकडे कुठे ऑफर आहे का विचारलं तर जरा जास्त अर्थ आहे, पण दुसऱ्या नंबरच्या उमेदवारालाही हे विचारून ठेवतात.

इंटरव्ह्यू लवकर संपला किंवा लांबला यातून काहीही काढू नका, पुढची मीटिंग असते किंवा माणूस बडबड्या असतो.

एका इशाऱ्यावर मात्र विचार करत बसायचं नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाने पैसे मागितले, किंवा धड इंटरव्ह्यू न घेता चॅटवरच ऑफर लेटर आलं, तर तो फ्रॉड आहे, तिथेच बंद करा.

‘कळवतो’नंतर डिटेक्टिव्ह होणं

आठवडा गेला, मेल नाही, जाहिरात परत दिसली, आणि आपण रिक्रूटर शेवटचा कधी ऑनलाइन होता ते बघत बसतो. उशिराची कारणं बरीचशी आतली असतात. कोणाची तरी बजेटवर सही बाकी, पॅनेलमधला एकजण सुट्टीवर म्हणून चर्चा झाली नाही, किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने अजून हो-नाही सांगितलं नाही. जाहिरात तर काही पोर्टलवर आपोआप रिन्यू होते, किंवा जागाच दोनतीन असतात.

म्हणून उठायच्या आधी एक प्रश्न विचारूनच उठा, ‘पुढची स्टेप काय आणि साधारण कधीपर्यंत कळेल?’ तारीख मिळाली की त्यानंतर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि चार ओळींचा मेल टाका, कुठल्या पोस्टसाठी कधी बोललो होतो, अजून इंटरेस्ट आहे, काही कागद हवे असतील तर पाठवतो. त्यालाही उत्तर आलं नाही तर आणखी आठवड्याने एकदा, त्यानंतर नाही. तोपर्यंत बाकीचे अर्ज चालूच ठेवा.