ऑनलाइन शिकायला मुलं तयार आहेत का, हे कसं तपासायचं

कोर्स सुरू करायच्या आधी बरेच सर-मॅडम एक फॉर्म पाठवतात, ऑनलाइन शिकायला आवडतं का, हो की नाही, आणि त्यातून कळत काहीच नाही. आवडणं वेगळं, जमणं वेगळं. दोन्ही वेगवेगळं तपासा.

आधी आवडीचं बघू. हो-नाही ऐवजी पाच पर्याय ठेवा, 'अजिबात पटत नाही' (1) पासून 'एकदम पटतं' (5) पर्यंत (मानसशास्त्रज्ञ लिकर्टची 1932 पासूनची पद्धत, अजून चालते). वाक्यं आठ-दहाच, जास्त दिली की मुलं न वाचता सगळीकडे मधलं टिक करतात. दोन-तीन वाक्यं मुद्दाम उलटी टाका, जसं 'ऑनलाइन तासाला माझं लक्ष लागत नाही', म्हणजे डोळे झाकून टिक करणारे सापडतात, फक्त बेरीज करताना या उलट्या वाक्यांचे आकडे उलटे धरा, 5 चा 1, 4 चा 2. आणि लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावर काम करणाऱ्या संशोधक डेव्हिसने 1989 मध्ये मांडलेल्या दोन गोष्टी नक्की विचारा, याचा उपयोग होईल असं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. उपयोग पटलाय पण अवघड वाटतंय, त्याला शिकवता येतं. सोपं वाटतं पण उपयोगच पटत नाही, तिथे मुलांना लेक्चर देण्यापेक्षा आपला कोर्स एकदा बघा.

आता स्किल. हे विचारू नका, करायला लावा! येतं का म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात. शिक्षणावर लिहिणाऱ्या प्रेन्स्कीने 2001 मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' (लहानपणापासून कॉम्प्युटर-इंटरनेटमध्येच वाढलेली पिढी) हा शब्द गाजवला तेव्हापासून आपण धरूनच चाललोय की पोरांना सगळं येतं, पण झटपट व्हिडिओ एडिट करणारं पोरगं फाइल कुठे सेव्ह झाली ते शोधत बसतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम द्या: फाइलला नीट नाव देऊन पीडीएफ करायची, अपलोड करायची, विषय लिहून अटॅचमेंटसकट मेल करायचा, आणि एकाच गोष्टीवरच्या दोन वेबसाइट बघून कोणतीवर विश्वास ठेवाल आणि का ते दोन ओळीत लिहायचं. शेवटच्यात सगळ्यात जास्त जण अडकतात असं माझं मत. मार्क ठेवू नका, नाहीतर कॉपी होते.

सोबत हेही विचारा की फोन स्वतःचा आहे की घरात सगळ्यांचा एकच, नेट तासभर टिकतं का, कारण कधीकधी 'मला ऑनलाइन आवडत नाही' म्हणजे फक्त नेट जातं एवढंच असतं.

नाव लिहायला लावलं तर मुलं गोड गोड उत्तरं देतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा कोड निवडू द्या, तोच फॉर्मवर आणि तोच कामावर, म्हणजे जोडी लावता येते. महिन्याभराने तोच फॉर्म परत भरून घ्या, वाक्यं न बदलता.