दोन स्पोर्ट गाड्यांच्या वेगाची तुलना कशी करावी: सोलापूरच्या अनुभवातून

सोलापुरात एकाच कट्ट्यावर यामाहाची आर१५ आणि केटीएमची आरसी २०० या मोटारसायकली रोज शेजारी उभ्या राहू लागल्या की कोणती गाडी पुढे, हा वाद निघतोच, आणि तो मिटवण्यासाठी एखाद्या रविवारी पहाटे हैदराबाद रोडला जाण्याचा बेत ठरतो. अशा धावेने वाद मिटत नाही, कारण हरलेल्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असतेच: गिअर चुकला, वारा समोरून होता, पुढे ट्रक आला. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरेही असते. आम्ही काही मित्रांनी गेल्या चार-पाच हिवाळ्यांत, बऱ्याच चुका करत, तुलनेची जी पद्धत बसवली आहे ती येथे मांडत आहे. हाती येणारा आकडा गाडीचा असावा, चालकाचा किंवा वाऱ्याचा नसावा, एवढाच तिचा हेतू आहे.

जागेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे, राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलमात चाचणीचाही उल्लेख असल्यामुळे ‘शर्यत नव्हती, नुसता टाइम बघत होतो’ ही सबब तेथे चालत नाही. दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीतही वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि शर्यत व वेगचाचणी त्यांतून वगळलेल्या असतात. घरातली पॉलिसी काढून तो बारीक टाइपातला परिच्छेद एकदा वाचावा. शिवाय आपल्या भागात इंजिनाला सर्वांत मानवणारे थंडीचे महिने म्हणजेच ऊस गाळपाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर कोणत्या वळणापलीकडे असेल हे सांगता येत नाही, आणि ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे सरकत असते. हेडलाइटच्या उजेडात ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके दिसेपर्यंत ब्रेकसाठी जागा उरलेली नसते.

सोलापुरात रेसट्रॅक नाही. होटगी रोडचे विमानतळ अनेकांच्या मनात येते, पण तो विचार सोडून द्यावा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे या देशातल्या जुन्या, नावाजलेल्या जागा आहेत. सरळ रेषेतल्या धावेसाठी लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसच्या स्पर्धा होत आल्या आहेत, तेथे पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर धरले जाते. वेळ मोजण्याची यंत्रणा, रुग्णवाहिका आणि कपड्यांची तपासणी हे सारे अशा ठिकाणी आयोजकांकडेच असते, त्यामुळे दोघे-चौघे मिळून एकदा तेथे जाणे हा सर्वांत चांगला मार्ग. ते शक्य नसेल तर खासगी, फाटक लावता येणारे आवार शोधावे. कायद्याच्या दृष्टीने जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, मग तो हमरस्ता नसला तरीही. म्हणून मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि चाचणी चालू असेपर्यंत फाटक खरोखर बंद ठेवून तेथे एक माणूस उभा करावा. आम्हाला मिळालेले आवार एका औद्योगिक जागेचे आहे आणि त्यातला सरळ रस्ता सुमारे ५०० मीटरचा आहे. तेवढ्यात शून्य ते १०० ची चाचणी होते, पाव मैलाची होत नाही, कारण वेग घ्यायला जितके अंतर लागते तितकेच ते सावकाश उतरवायला मोकळे असले पाहिजे, असा आमचा दंडक आहे. धावेआधी रस्ता पायी चालून खडी, वाळू, तेलाचे डाग आणि कुत्री पाहावीत. फुल-फेस हेल्मेट, चामड्याचे जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट नसलेल्याने धावू नये. याबाबत आमच्यात मैत्री आड येत नाही.

मैदानात उतरण्याआधी कागदावर थोडे गणित करावे, म्हणजे काय अपेक्षित आहे ते कळते. आर१५ च्या चौथ्या आवृत्तीचे इंजिन १५५ सीसीचे असून ते १०,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १८.४ पीएस (ताकदीचे एकक, साधारण एक अश्वशक्ती) देते आणि गाडीचे वजन १४२ किलो आहे. आरसी २०० चे इंजिन १९९.५ सीसीचे, ताकद २५ पीएस आणि वजन १६० किलो. दोन्ही चालक ६५ किलोंचे धरले तर आर१५ ला चालकासह दर १०० किलोंमागे ८.९ पीएस मिळतात आणि आरसीला ११.१, म्हणजे आरसी सुमारे २५ टक्के पुढे. आता आर१५ वर ५५ किलोंचा मुलगा बसवा आणि आरसीवर ९० किलोंचा. आकडे ९.३ आणि १० होतात, आणि २५ टक्क्यांची आघाडी ७ टक्क्यांवर येते. कट्ट्यावरच्या निम्म्या शर्यतींचा निकाल या एका गणितात दडलेला असतो, आणि तो मालकाच्या जेवणावर ठरलेला असतो, हे कोणाला सांगायला गेले तर राग येतो.

वजनाचा हा फरक काढून टाकण्यासाठी एका वर्षी आम्ही हलक्या चालकाच्या मागच्या सीटवर ज्वारीच्या पिशव्या दोरीने बांधल्या होत्या. पहिल्याच लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, पुढचे चाक हलके होऊन हँडल झुलले, आणि एक पिशवी सरकून नंबर प्लेटवर आली. ज्वारी सोडली, नवी रीत धरली: वजन बांधायचे नाही, चालक बदलायचे. प्रत्येक चालक दोन्ही गाड्यांवर तेवढ्याच धावा करतो आणि प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक पाहिला जातो. पहिला चालक मुळातच जलद असेल तर तो दोन्ही गाड्यांवर जलद असतो, त्यामुळे त्याचे कसब आपोआप वजा होते. संपूर्ण पद्धतीतली एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

गाड्या शक्यतो कंपनीतून आल्या तशाच असाव्यात. एकीचे पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) एका दाताने लहान केलेले असेल तर ती पिकअपला पुढे जाईल आणि टॉपला लवकर थांबेल. ती तुलना कंपन्यांची राहत नाही, मेकॅनिकांची होते. टायर थंड असताना दोन्ही गाड्यांच्या पुस्तिकेत दिलेला दाब भरावा, चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे पाहावा, पेट्रोल एकाच पंपावरून घ्यावे. आरसीची टाकी १३.७ लिटरची आहे, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत दहा किलोंचा फरक पडतो, तेव्हा दोन्ही टाक्या निम्म्या ठेवलेल्या बऱ्या. एका गाडीला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी यंत्रणा) असेल तर तो वापरायचा की नाही हे आधी ठरवावे. आमचे मत असे, की जे गाडीबरोबर येते ते वापरावे, पण तसे कागदावर लिहावे.

येथे माझीच एक चूक सांगणे भाग आहे. टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० आणि केटीएमची आरसी ३९० यांची चाचणी होती. अपाचेच्या त्या आवृत्तीत स्पोर्ट आणि ट्रॅक मोडमध्ये ३४ पीएस मिळतात, अर्बन आणि रेन मोडमध्ये मात्र ताकद २५.८ पीएसपर्यंत बांधलेली असते. बाळे भागापासून शहरातल्या गर्दीतून मी गाडी अर्बनमध्ये आणली आणि तशीच धावेला उभी केली. अकरा धावा झाल्या, आरसी दर वेळी वाजवीपेक्षा जास्त पुढे गेली, गाडीच्या मालकाचा चेहरा उतरत गेला. बाराव्या धावेआधी त्याने काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि पडद्यावरचे अक्षर वाचून माझ्याकडे पाहिले. सकाळ वाया गेली होती. तेव्हापासून धावेआधी चालकाने मोड मोठ्याने वाचून दाखवायचा आणि नोंद घेणाऱ्याने तो लिहायचा, असा नियम आहे.

मोजणी गाडीच्या मीटरवर करू नये. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये असा नियम असल्यामुळे कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात, आणि हे ‘थोडे’ प्रत्येक गाडीत वेगळे असते. एका गाडीचे ११० आणि दुसरीचे ११० हे एकच ११० असेलच असे नाही. मोबाइलमधील जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच नोंद घेतो, म्हणजे १०० च्या वेगाला दोन नोंदींमध्ये २८ मीटर निघून जातात. सेकंदाला दहा नोंदी घेणारे छोटे जीपीएस यंत्र चौघांत मिळून घेतले तर परवडते, आणि तेच एक यंत्र दोन्ही गाड्यांवर आलटून पालटून लावावे. गाड्या शेजारी-शेजारी सोडण्याचा मोह टाळावा. एका वेळी एकच गाडी धावली तर धडकण्याचा धोका उरत नाही, आणि दुसऱ्याला पाहून चुकीच्या वेळी गिअर टाकण्याचा प्रकारही थांबतो.

प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी. जमिनीवरील वेगाचे जागतिक विक्रमही असेच, उलटसुलट धावांच्या सरासरीने मोजले जातात. याचे कारण वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ११० च्या वेगाला समोरून अवघा ताशी १० किलोमीटरचा वारा असला तरी अडथळा १९ टक्क्यांनी वाढतो, आणि तोच वारा पाठीमागून आला तर १७ टक्क्यांनी कमी होतो. चालक टाकीवर आडवा झाला की नाही, जाकिटाची चेन लावली की नाही, याचाही परिणाम ८०-९० नंतर दिसू लागतो.

उष्णतेचा विचार सोलापूरकराला शिकवावा लागत नाही, पण इंजिनाच्या बाजूने तो क्वचितच केला जातो. डिसेंबरातल्या पहाटेच्या १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत मे महिन्यातल्या ४२ अंशांची हवा साडेआठ टक्क्यांच्या आसपास विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. एकाच सकाळी सातला १६ अंश आणि अकराला २८ अंश असले तरी चार टक्क्यांचा फरक पडतो. एका गाडीच्या सगळ्या धावा आधी आणि दुसरीच्या नंतर केल्या तर उशिरा धावलेली गाडी उगाच मागे पडते. म्हणून पहिली, दुसरी, दुसरी, पहिली, या क्रमाने धावा कराव्यात. मध्ये इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. ओळीने लाँच करत राहिल्यास क्लचचा जळका वास येतो. तो आला की त्या गाडीला अर्धा तास हात लावू नये.

आता धावांचे प्रकार. जागच्या जागेवरून शून्य ते ६० आणि शून्य ते १०० ही चाचणी सर्वांना आवडते, पण तिच्यात चालकाच्या डाव्या हाताचा, म्हणजे क्लच सोडण्याच्या सफाईचा, वाटा फार मोठा असतो. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक गाडीवर निदान पाच धावा कराव्यात आणि त्यांतला सर्वांत चांगला आकडा न घेता मधला घ्यावा. मला स्वतःला रोल-ऑन चाचणी अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर स्थिर धरायची, खुणेच्या शंकूपाशी थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि ८० पर्यंतचा वेळ घ्यायचा. क्लच नाही, गिअर नाही, हाताची सफाई नाही. तुळजापूर रोडला एसटीच्या मागे अडकलेली गाडी एका गिअरमध्ये कशी सुटेल, ते हीच चाचणी सांगते.

निकाल वाचताना एका गोष्टीने गोंधळ होतो. कावासाकीच्या निन्जा ३०० चे दोन सिलिंडरचे इंजिन ३९ पीएस देते, पण ११,००० आरपीएमला, आणि त्याचा २६.१ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०,००० ला मिळतो. आरसी ३९० चे एका सिलिंडरचे इंजिन ४३.५ पीएस ९,००० ला आणि ३७ न्यूटन मीटर ७,००० ला देते. रोल-ऑनमध्ये आरसीपुढे निन्जा झोपलेली वाटते; तीच निन्जा प्रत्येक गिअर लाल रेषेपर्यंत ताणत चालवली की अंतर पुष्कळ भरून काढते. आर१५ मध्येही ७,४०० आरपीएमला झडपांची उघडझाप बदलणारी व्हीव्हीए यंत्रणा जागी होते, आणि त्याच्या खाली चाचणी घेतली तर गाडीवर अन्याय होतो. म्हणून तक्त्यात रोल-ऑन आणि जागच्या जागेवरच्या धावेचे आकडे वेगळे लिहावेत, त्यांची एकत्र सरासरी काढू नये. दोन गाड्यांतला फरक एकाच चालकाच्या पाच धावांमधल्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर त्या चाचणीपुढे ‘बरोबरी’ असे लिहावे. हा शब्द लिहायला आमच्या कट्ट्याला दोन हिवाळे लागले.

तक्त्यावर तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा, चालकाचे हेल्मेट-बुटांसह वजन, टायरचा दाब आणि मोड यांची नोंद असावी. साडेनऊ-दहाला ऊन चढू लागले आणि वारा सुटला की थांबावे. नंतरचे आकडे सकाळच्या आकड्यांशेजारी ठेवण्याच्या लायकीचे नसतात. निघण्याआधी टायरवर रुतलेले खडे काढावेत, मोड पुन्हा अर्बनवर आणावा आणि फाटकाची किल्ली मालकाकडे पोचवावी.