पॅनलवर लाँचर: रिकामा नको, भरलेलाच टाका

एक्सएफसीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये पॅनलवर, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर, उजवी क्लिक करून 'नवीन आयटम जोडा'मधून 'लाँचर' (प्रोग्रॅम उघडणारे बटण) निवडला की पॅनलवर नुसता रिकामा आयकॉन येतो. इथेच बरेच जण गोंधळतात. तो कामाला लावायचा तर त्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, '+' चिन्हाचे बटण दाबा आणि यादीतून प्रोग्रॅम निवडा. हा रस्ता लांबचा आहे. व्हिस्कर मेन्यू (एक्सएफसीईचा शोधपेटी असलेला प्रोग्रॅम मेन्यू) असेल तर प्रोग्रॅमच्या नावावर उजवी क्लिक करून 'पॅनलमध्ये जोडा' म्हणा, काम झाले. माटे या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या पारंपरिक मेन्यूतही हीच सोय आहे.

एकाच लाँचरमध्ये अनेक प्रोग्रॅम भरता येतात. यादीतला पहिला पॅनलवर दिसतो, बाकीचे शेजारच्या बाणाखाली जातात. जागा वाचते, पण बाण इतका अरुंद असतो की टचपॅडवर नेम चुकतो. रोजचे चार-पाच प्रोग्रॅम सुटेच ठेवलेले बरे.

ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एका फाइलमधली प्रोग्रॅम) किंवा स्वतःची स्क्रिप्ट यादीत नसते, तिथे आज्ञा हाताने लिहावी लागते. फाइलचा मार्ग मुळापासून ('/' पासून) पूर्ण लिहा. होम फोल्डरसाठीचे '~' चिन्ह इथे चालेलच असे नाही. फाइलला एक्झिक्युट (चालवण्याची) परवानगी नसेल तर क्लिक करूनही प्रोग्रॅम उघडत नाही. स्क्रिप्टचे आउटपुट पाहायचे असल्यास 'टर्मिनलमध्ये चालवा'वर टिक करा. आणि आयकॉन जरूर निवडा, नाहीतर दोन लाँचर हुबेहूब सारखे दिसतात.